विदर्भातली पानगळ: कधी निघायचं, कुठं थांबायचं

दिवाळीच्या सुट्टीत विदर्भात पानगळ बघायला येऊ नका. काश्मीरच्या चिनारांचे फोटो ऑक्टोबरअखेर फिरायला लागतात आणि आपल्याकडचं जंगलही तेव्हाच रंगत असेल असं समजून लोक मेळघाटाचं बुकिंग करून टाकतात. त्या दिवसांत मेळघाट हिरवा असतो, वावरातलं सोयाबीन निघालेलं असतं आणि कापूस वेचणीला आलेला असतो. इथली पानगळ डिसेंबरअखेर सुरू होते, जानेवारी-फेब्रुवारीत भरात येते आणि मार्चमध्ये पळसाची फुलं व कुसुमाची लाल पालवी यांच्यात मिसळून जाते. त्यामुळे सुट्टी टाकायची ती माघ-फाल्गुनात.

सगळा हिशेब ओलीचा

थंड मुलखात दिवस लहान होतो, गारठा वाढतो आणि पानं रंगतात. आपल्याकडे थंडी असते, पण पानं गळायचं मुख्य कारण ती नाही. पावसाळा संपला की जमिनीतली ओल खाली-खाली जाते. पानांतून पाणी उडत राहतं, मुळांना ते पुरवता येत नाही, म्हणून झाड पानांतलं कामाचं तेवढं परत ओढून घेतं आणि पान सोडून देतं. हरितद्रव्य आधी मोडतं, त्याखालचा पिवळा रंग उघडा पडतो. काही झाडांत तांबूस रंग वरून चढतो.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर निम्मं काम झालं, कारण ठिकाण आणि वेळ दोन्ही त्यावरूनच ठरतात. मुरमाड टेकडीचा माथा आधी उघडा पडतो, उतार नंतर पिवळा होतो आणि नाल्याकाठचे अर्जुन-जांभूळ तेव्हाही हिरवे असतात. तुम्ही लवकर पोचलात तर वर चढा, उशिरा पोचलात तर नाल्याकडे उतरा; एकाच टेकडीवर पंधरा दिवसांचं अंतर भरून निघतं. हाच नियम आख्ख्या विदर्भाला लावा. बुलढाणा-अकोल्याकडे पाऊस साधारण ७५०-८०० मिलिमीटर, गोंदिया-गडचिरोलीकडे १२०० ते १४०० च्या आसपास. म्हणून पश्चिमेकडची उघडी रानं आधी झडतात आणि पूर्वेकडची झाडी मागून.

निघायच्या वर्षी परतीचा पाऊस कधी थांबला ते बघा. सप्टेंबरमध्येच पावसानं पाठ फिरवली असेल तर खाली दिलेल्या तारखा आठ-दहा दिवस अलीकडे घ्या. ऑक्टोबरभर पडत राहिला असेल तर तेवढ्याच पुढे ढकला.

एक फसवणूक मात्र दरवर्षी होते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सागाचं रान लांबून करडं-तपकिरी दिसलं तर ती पानगळ नव्हे, अळीचं काम असतं. पान हातात घेऊन उजेडाला धरा: शिरा सगळ्या जागेवर, मधला हिरवा गर खरवडून खाल्लेला, राहिलेली नुसती जाळी. खरं गळायला आलेलं सागाचं पान अख्खं असतं, कडेनं पिवळं होत मग तपकिरी पडतं, आणि देठापासून अलगद सुटतं.

काय बघायचं ते आधी ठरवा

«रंग बघायचेत» एवढ्यावर निघू नका. चार वेगवेगळे देखावे चार वेगवेगळ्या वेळी असतात आणि एका फेरीत फार तर दोन साधतात.

डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य हा टेकड्यांचा काळ. सालई आणि मोई पिवळ्या होऊन झडतात, आणि कांडोळ, म्हणजे पांढऱ्या खोडाचा भुत्या, उघडा पडतो. पानं गेल्यावरच तो खरा दिसतो. चांदण्या रात्री त्याला हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. रंग या दिवसांत विरळ असतो, पण हवा गार असते आणि पायी फिरता येतं. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर हाच काळ घ्या.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत खरी पानगळ. तिचा राजा साग नव्हे, धावडा. ज्याचा डिंक लाडवात घालतात, तोच. साग संख्येनं जास्त, पण त्याचा रंग मातकट. धावडा तांबूस होतो, आणि सागाच्या पिवळट रानात त्याचे ठिपके लांबूनही वेगळे ओळखू येतात. धावड्याचं पान लहान, गुळगुळीत, बोटभर लांब. रंग कडेनं आत येतो, त्यामुळे बऱ्याच पानांच्या मधल्या शिरेलगत हिरवी पट्टी राहिलेली असते. खोड राखाडी-पांढरं, त्यावरून पातळ खपल्या निघालेल्या. शेजारी लेंडिया असेल तर तोही लालसर होतो. बांबूची रांजी, म्हणजे बेट, पिवळी पडते आणि वारा आला की त्याची पानं बारीक पावसासारखी खाली येत राहतात. ऐन मात्र पानं शेवटपर्यंत धरून ठेवतो, त्याची वाट बघत बसू नका.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पळस. पळसाला पाने तीन हे सगळ्यांना पाठ, पण या दिवसांत झाडावर एकही नसतं, नुसती केशरी फुलं. त्यासाठी अभयारण्यात पैसे भरायची गरज नाही. पळस चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत माजतो: गायरानात, झुडपी जंगलात, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), पांदणीच्या (शेतरस्त्याच्या) कडेनं, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर. सोबत काटेसावर आणि पांगारा असतात.

पळसासाठी तारीख धरताना होळीवर जाऊ नका. धुळवड २०२४ मध्ये २५ मार्चला होती, २०२५ मध्ये १४ मार्चला. तिथी अशी मागे-पुढे सरकते; पळस ओल आणि ऊन बघून फुलतो. होळी मार्चअखेर आली तर तोवर बराचसा सडा जमिनीवर पडलेला असतो.

मार्चचा मध्य ते एप्रिलचा पहिला आठवडा कुसुमाचा. हा देखावा सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे आणि आमच्या मते सगळ्यात मोठा. कुसुम पानं टाकतो आणि लगेच नवी काढतो, आणि नवी पालवी लाल असते. थोडी-थोडकी नाही, अख्खं झाड. बाकी रान उघडं, जमीन वाळलेली, आणि मधेच हे झाड पेटल्यागत उभं. फांदी जवळून बघा: नवी पानं अजून ताठ झालेली नसतात, मलूल होऊन खाली लोंबतात, हाताला मऊ लागतात. सुरुवातीला गडद लाल, मग विटकरी, मग तांबूस पोपटी. एखाद्या झाडावर चांगला लाल रंग आठ-दहा दिवस टिकतो. पण सगळे कुसुम एका दिवशी फुटत नाहीत, रस्त्याच्या या कडेचा हिरवा झालेला आणि त्या कडेचा नुकता लाल असं नेहमी दिसतं, म्हणून तीन आठवड्यांत कधीही गेलात तरी रिकाम्या हातानं परत येत नाही. याच सुमारास पिंपळाला तांबूस पालवी येते आणि मोहाची फुलं गळून झाली की त्यालाही.

एप्रिलच्या मध्यानंतर बहावा पिवळा होतो, पण पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. नवख्यानं त्या दिवसांत पानं-फुलं बघायला विदर्भात यावं असं सांगण्याची हिंमत होत नाही.

कुठं जायचं

मेळघाट. पहिल्यांदा येणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, तिथून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा रस्ता जंगलातूनच जातो आणि त्यावर एसटी चालते. म्हणजे सफारी न करता, साध्या तिकिटात, खिडकीतून पानगळ बघता येते. घाटात गाडी चढत जाते तशी ओल बदलते आणि रानाचा रंगही बदलतो. सेमाडोह आणि कोलकासला सिपना नदीच्या काठी थांबा: एका बाजूला उघडा उतार, दुसऱ्या बाजूला हिरवा काठ. कुसुमही नदी-नाल्यांच्या कडेनंच शोधायचा.

चिखलदऱ्याबद्दल एक सांगायला हवं. गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर, ओल धरणारं, त्यात लावलेली झाडं आणि कॉफीचे मळे. त्यामुळे गावात फिरून पानगळ दिसत नाही. ती दिसते कड्यावरून खाली बघताना. पंचबोल पॉइंट आणि गाविलगड या दोन जागा पुरेशा आहेत, बाकीच्या पॉइंटांच्या यादीमागे धावू नका.

नागझिरा. मिश्र जंगल हा त्याचा गुण. मेळघाटात सागाचंच राज्य. इथं ऐन, बीजा, मोह, तेंदू, धावडा, कुसुम शेजारी-शेजारी, म्हणून एकाच नजरेत चार छटा मिळतात. नागपूरहून साकोली साधारण १०० किलोमीटर, तिथून पिटेझरी गेट जवळ. इकडे ओल जास्त, त्यामुळे मेळघाट चुकला तर दोन आठवड्यांनी नागझिरा धरा.

ताडोबा पानांसाठी वाईट नाही, पण तिथली जिप्सी वाघामागे पळते. सफारी घेतलीच तर गाडी सुटायच्या आधी गाइडला सांगा, «भाऊ, आम्हाला झाडं बघायची आहेत, वाघ दिसला नाही तरी चालेल.» बरेच गाइड खूश होतात, कारण झाडं त्यांना पाठ असतात आणि विचारणारं कुणी नसतं. बफरची, म्हणजे गाभ्याबाहेरच्या जंगलातली, सफारी या कामाला पुरते. मंगळवारी ताडोबा बंद असतो. इतर अभयारण्यांची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते, ती बुकिंग करतानाच बघून घ्या.

पळसासाठी नागपूर-उमरेड-भिवापूर-नागभीड हा रस्ता धरा आणि मुख्य रस्ता सोडून कुठल्याही पांदणीला लागा. यवतमाळकडून पांढरकवड्याला जातानाही भरपूर पळस आहे.

गडचिरोलीत आलापल्लीजवळ «वनवैभव» नावाचा जुन्या, उंच सागांचा राखून ठेवलेला तुकडा आहे. फेब्रुवारीत त्याच्याखाली उभं राहून वर बघण्यासारखं आहे. पुढे भामरागडकडे जायचं असेल तर आलापल्लीत चौकशी केल्याशिवाय निघू नका आणि अंधाराआधी परत या.

आणखी एक स्वस्त मार्ग: गोंदिया-बल्लारशा रेल्वे. अर्जुनी, वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल, केळझर, चांदा फोर्ट अशी ही गाडी जाते आणि बराच पट्टा जंगलाचा आहे. सकाळी दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी पूर्वेला असते. तिथून पानं उजेडाविरुद्ध, आरपार उजळलेली दिसतात. उजव्या खिडकीतून रंग सपाट पण स्पष्ट दिसतो. फोटो काढायचे असतील तर उजवी घ्या. बघायचंच असेल तर डावी.

निघण्याआधीचा फोन

मुक्कामाच्या ठिकाणी आठवडाभर आधी फोन करा, पण «रंग आलेत का?» असं विचारू नका; समोरचा हो म्हणतो, त्याला गिऱ्हाईक हवं असतं. कामाच्या भाषेत विचारा: «काकाजी, मोह पडायला लागला का? पळस आहे का अजून? कुसुम फुटला का?» मोह पडायला लागला म्हणजे कुसुमाचे दिवस आले. पळस «झडून राहिला» असं उत्तर आलं तर तो संपला समजा. जानेवारीत एकच विचारा, «साग झडला का?» अर्धा झडलाय म्हणाले तर लगेच निघा.

मागच्या चार दिवसांत अवकाळी पाऊस किंवा गारा पडल्या का तेही विचारा. गारांचा एक मारा धावड्याची सुटायला आलेली पानं आणि पळसाची फुलं एका रात्रीत खाली आणतो. नुसता हलका पाऊस झाला असेल तर उलट चांगलं, धूळ धुऊन निघते.

दिवस कसा लावायचा

जानेवारीअखेर नागपूरकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, मार्चअखेर सव्वासहाच्या सुमारास. उगवल्यानंतरचे दोन तास आणि मावळण्याआधीचा दीड तास एवढाच खरा वेळ. अकरा ते चार या वेळात धावडासुद्धा मळकट दिसतो, तेव्हा तो वेळ जेवण, झोप आणि प्रवासात घाला. पान बघायचं ते सूर्य समोर किंवा तिरका ठेवून; सूर्य पाठीशी घेतला की तांबूस पान नुसतं तपकिरी दिसतं. मोबाइलवर फोटो काढताना पानावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर लाल रंग फिका नारिंगी होतो.

माणशी पाणी जानेवारीत अर्ध्या दिवसाला दीड लिटर पुरतं, मार्चअखेर तीन लिटर घ्या. पेट्रोल परतवाड्यात भरा, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. मेळघाटात बऱ्याच जागी नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि रोख पैसे जवळ ठेवा. होळीच्या आसपास गेलात तर सुट्टे जास्त घ्या: इथल्या कोरकू आदिवासींचा तो सगळ्यात मोठा सण, रस्त्यात गाडी अडवून फगवा मागतात. दहा-वीस रुपये द्या, हसून पुढे निघा. त्या दिवसांत गावाकडे परतणाऱ्यांनी एसटी मात्र भरलेली असते.

जिथं हमखास फसगत होते

डिसेंबर ते फेब्रुवारीत झुडपांवर सोनेरी-तपकिरी, मखमली लव असलेल्या शेंगा लटकताना दिसतात. ती खाजकुइली. फोटोसाठी हात लावू नका, वाऱ्याच्या दिशेनं खालीही उभे राहू नका. लव अंगावर आलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून उचलायची, मगच धुवायचं. बिब्याची फांदी मोडू नका, चिकानं फोड येतात. गवतात कुसळं आणि गोचिडं असतात, म्हणून लांब पँट आणि तिचे पाय मोज्यांत खोचलेले.

मोहाखाली पहाटे एकटं जाऊ नका. फुलं वेचायला गावातली माणसं अंधारात येतात, पण अस्वलही त्याच फुलांसाठी येतं आणि वाळलेल्या पानांचा आवाज दोघांचाही सारखाच येतो. ऊन पडल्यावर, माणसं दिसत असतील तिथंच थांबा. काटेसावर, कुसुम अशा मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ आहे का हे खाली उभं राहण्याआधी वर बघून घ्या. असेल तर अत्तर नको, बिडी-सिगारेट नको, ड्रोन तर नकोच. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलातल्या रस्त्यावर पहाटे आणि संध्याकाळनंतर दुचाकी टाळा.

वावरात किंवा धुऱ्यावर जायचं तर मालकाला विचारा. राखीव जंगलात रस्ता सोडून आत शिरायचं तर वनविभागाची परवानगी लागते. अभयारण्यातून जाळीदार पान, शेंग, फूल काहीही आणायचं नाही.

आणि आग. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. तुम्ही ज्या पानांसाठी आलात तीच तेव्हा गुडघाभर वाळून पडलेली असतात. जंगलात चूल नाही, शेकोटी नाही, तापलेला सायलेन्सर वाळल्या पानांवर आणून गाडी उभी करायची नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रस्त्याकडेला काळे, सरळ पट्टे दिसतील, त्या वनखात्यानं मुद्दाम जाळलेल्या जाळरेषा असतात, त्यावरून घाबरू नका. पण आत धूर उठताना दिसला तर विझवायला धावू नका. उताराच्या वरच्या बाजूला असाल तर आधी आगीला बगल देऊन खाली, रस्त्यावर या, आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर रस्ता, जवळचं गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.